राणीसाहेबांची ओटी

मंडळी, आज कीर्तनाआधी एक सांगा! लुटणारा पापी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण लुटल्या गेलेल्या माणसाला जो हसतो — तो कोण? बोला!

बरं, ऐका. एक बाई. नाव मंदा. पण पुण्यात बंगल्याबंगल्यांतून मिरवायची राणीसाहेब म्हणून! कुठल्या संस्थानची? कुणी विचारलंच नाही! इंग्रजी बोलते, गळ्यात मोत्यांची माळ — झालं! "लंडनला प्रदर्शनात मांडते," म्हणाली, आणि बड्या घरच्या बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. अहो, कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणाऱ्या बायका ह्या!

अशाच एका बंगल्यात आपल्या गावच्या इंदूताई खरोटे स्वयंपाकाला होत्या. राणीसाहेब म्हणते, "इंदूताई, तुमची नथ तर राजवाड्यातली वाटते!" आईची एवढी एकच वस्तू उरलेली. भोळीनं काढून दिली!

पुढं बाई पकडली गेली. बंगलेवाल्यांना विमा मिळाला. इंदूताईंचं काम सुटलं, त्या गावी परतल्या. आणि मग ह्याच प्रकरणावर आली टीव्हीवर मालिका! त्यात राणीसाहेब देखणी, हुशार. इंदूताई? नाक चाचपत घरभर धावणारी बावळट बाई! तुम्ही पोट धरून हसलात. आता गल्लीतली पोरं त्यांना बघून नाक चाचपतात. कुणाची पोरं हो ती? माझी?

एवढ्यावर थांबलात? छे! जामिनावर सुटलेल्या त्या बाईला ह्याच मंडपात पाहुणी म्हणून आणलंत! देवासमोर खणानारळानं ओटी भरलीत! पेटीवाले, खाली काय बघता? पहिला सेल्फी तुमचाच होता!

तेवढ्यात मागून इंदूताई उठल्या. "बाई, माझ्या आईची नथ कुठंय?"

बाई गोड हसली. "अय्या! मालिकेतल्या त्या तुम्हीच का? काय मजा आली हो बघताना!"

आणि मंडळी, टाळ्या! टाळ्या वाजवल्यात तुम्ही! वर कुणीतरी ओरडलं, "ओ, खाली बसा, फोटोत येताय!"

चीड येते मला! नथ त्या एकीनं नेली. पण गावात मान वर करून चालणं? ते तुम्ही काढून घेतलंत — सगळ्यांनी मिळून!

त्या दिवसापासून इंदूताई देवळात आलेल्या नाहीत. मागच्या आळीत दार लावून बसतात. आणि तुम्ही इथं माझ्यासमोर नाम घेता?

टाळ खाली ठेवा! ओटी भरायला ज्या ज्या पुढं होतात, त्या आधी उठा. पुरुषांनीही उठा! जा त्यांच्या दारात, माफी मागा. नाही म्हणाल्या तर तिथंच बसून राहा. मी इथं उभा आहे. त्या येईपर्यंत ह्या देवाची आरती होणार नाही!