लांब फोटोत दोनदा

समता कॉलनीतल्या फोटो स्टुडिओत नंबराची वाट पाहणाऱ्या शर्मिष्ठानं काउंटरवरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं आधी चोरून, मग उघडच ऐकलं.

"भैया, तेलीबांध्याच्या तलावावर आमच्या साऱ्या घरच्यांचे पाच फोटो काढून तुम्ही एक लांब फोटो जोडला ना? त्यात हे दोनदा आले."

"अंकल हिल गए होंगे, आंटी."

"हिलले नाहीत, पळाले. पहिले माणसांत उभे होते. तुम्ही कॅमेरा बायकांकडे फिरवला, तर मागून पळत माह्याजवळ आले. पाहा, तोंड उघडं, धापा टाकून राहिले."

"क्यों अंकल, भागे काहे?"

"लग्नाले पन्नास वर्षं झाली, भैया. दर फोटोत माणसं इकडे, बाया तिकडे."

"तो एक को मिटा दूँ, आंटी?"

"हव. माणसांतला मिटवा. धापा टाकणारा राहू द्या."