माहा पिवळा गोल

...आणि आता साहेबच मले विचारून राहिले, "इंदू दीदी, आप अकेले क्यों खाते हो?" ज्या माणसानं मले एकटं बसवलं तोच विचारते. तुम्हीच ऐका आणि सांगा चूक कोणाची.

आमची कंपनी प्लास्टिकच्या बादल्यांची, मी पॅकिंगले. दुपारी साऱ्या बाया घोळका करून बसायचो, माह्या डब्यात विनोदिनीचा हात, तिच्या डब्यात राधाचा, आपण सकाळी काय रांधलं होतं हे चवीले पण मिळत नसे... तेवढ्यात कोरोना आला, कंपनी बंद झाली, उघडली तं हे अश्विन साहेब नवीन आलेले. भिंतीवर पडदा, पडद्यावर बाण, आणि म्हणते, "देखिए दीदी, बदलाव अंदर से आना चाहिए." आतून म्हणजे कुठून, ते काही बाणानं दाखवलं नाही.

मंग जमिनीवर पिवळे गोल काढले, एका गोलात एक बाई, भिंतीकडं तोंड करून जेवा. कोण ऐकते? साहेबांची पाठ फिरली का साऱ्या विनोदिनीच्या लोणच्यापाशी. साहेब "प्लीज दीदी, प्लीज दीदी" करून थकले, मंग त्यांच्या ध्यानात आलं का मशीनच्या वर आवाज माह्या एकटीचाच जाते. माह्या दंडाले लाल पट्टा बांधला. बदलाव आतून आणायचं काम मले.

आता विनोदिनीच्या नवऱ्याले दमा. तिनं घरी कोरोना नेला असता तं? मी काय गंमत करून राहिली होती का? ती हात लांबवून म्हणे, "इंदे, लोणचं तं घे वं." म्या म्हटलं, "हात मागं घे, नाही तं बादलीत बसवून वरून टेप लावीन." रोज असं. पॅकिंगची एकही बाई आजारी पडली नाही, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "देखा, अंदर से आया."

कोरोना गेला, पट्टा गेला, गोल पुसट झाले, बाया पुन्हा घोळक्यात. मी डबा घेऊन गेली तं साऱ्या उठल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. म्या म्हटलं, "बसा ना वं, मी जेवाले आली." राधा म्हणे, "हव दीदी," आणि अजून दूर सरकली. आतून आला ना बदल.

आता साहेबांचा पडदा नवा आहे, "कंपनी एक परिवार है," साऱ्यांनी मिळून जेवा, आणि ते जमवायचं कोणी? मीच. काल ओरडली, "जवळ बसा वं!" अर्ध्या बाया बाहेर पळाल्या.

लोणचं मात्र रोज येते. विनोदिनी बादलीच्या झाकणात ठेवते आणि तिकडूनच सरकवून देते. मी घेते, अन् भिंतीकडं तोंड करून खाते.