शून्य तासांचा ट्रॅक्टर

ऑइल फिल्टर घ्यायला आलेला रोपवाटिकावाला घाईत होता. पण सर्व्हिस सेंटरच्या रांगेत त्याच्यापुढे एक काकू होत्या आणि काउंटरवरचे साहेब त्यांना समजावत होते.

"काकू, तुमचा ट्रॅक्टर अजून चाललेलाच नाही."

"तेच तर सांगतेय. गिअरच पडत नाही."

"तसं नव्हे. तासांचं मीटर शून्यावर आहे. न चाललेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून कसा देऊ?"

"अहो, मीटर पहिल्या दिवसापासून बंद आहे! दोन हंगाम नांगरलं मी त्याने."

"मग मीटरची तक्रार करा."

"घ्या लिहून."

"आत्ता नाही. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर."

"मग करा की सर्व्हिसिंग!"

"करतो ना. पन्नास तास भरू द्या."

"कुठे भरू द्या?"

"मीटरवर."

रोपवाटिकावाला घाई विसरून एक पाऊल पुढे सरकला.

"म्हणजे माझा ट्रॅक्टर जन्मभर नवाच?"

"कोराकरकरीत! नशीब काढलंत, काकू. तुमची वॉरंटी कधी संपायचीच नाही."

"मग नव्याच्या भावाने परत घ्या."

"छे छे! वापरलेला ट्रॅक्टर कंपनी परत घेत नाही."

"काय म्हणालात? वापरलेला?"

"दोन हंगाम नांगरलंय म्हणता ना तुम्ही?"

"हो ना! मग एवढंच कागदावर लिहा आणि खाली सही ठोका."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, कोपऱ्यात गिरवून पाहिलं, झटकलं, पुन्हा गिरवलं.

"पेन चालत नाहीये, काकू."

"हे माझं घ्या," मागून रोपवाटिकावाला म्हणाला. "याला मीटर नाही."