वैशालीचे सेमीकोलन

तुम्ही इचारता, मी आजकाल क्लासात कोनावर चिडत काऊन नाही. परवापासून चिडाले तोंडच राह्यलं नाही मले.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. तवा आपल्या शेगावच्या कॉम्प्युटर क्लासात सोनाळ्याहून वैशाली नावाची पोरगी यायची. डोकं लय तेज, पन प्रोग्राम लिहिताना ओळीच्या शेवटी सेमीकोलन, म्हंजे अर्धविरामाची खून, काही देत नव्हती.

मी म्हनलं, "काऊन देत नाही?"

"सर, ओळ संपली म्हंजे सांगनं संपलंच ना? मंग वरून आनखी खून कायले?"

"मशीन बह्याड असते. तिले एकच गोष्ट दोनदा सांगा लागते."

परीक्षेतही तिनं तसंच केलं. बाकी सारं बरोबर होतं, पन माझं डोकं फिरलं अन् मी सरळ शून्य देल्लं. पास झाली तरच पुढं शिकवीन, असं तिच्या बाबानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

परवा ती आपल्या पोरीचं नाव टाकाले आली अन् मागच्या बाकावर बसली. आता क्लासात मी प्रोग्रामची नवी भाषा शिकवतो. फळ्यावर चार ओळी लिहिल्या, तं मागून आवाज आला, "सर, सेमीकोलन राह्यले."

मी पाठमोराच बोलून गेलो, "या भाषेत लागत नाही. ओळ संपली की मशीनले समजते."

मी वळून पाह्यलं.

वैशाली म्हने, "मी तेच तं म्हनलं होतं, सर."