जावयाच्या गाडीतला पिवळा दिवा

…न्हाई, पर मी काय म्हणतो, गाडी चालू व्हती, बिरेक लागतो, हॉर्न वाजतो, चारी चाकं गोल फिरत्यात, मग एवढासा दिवा, करंगळीच्या नखाएवढा, त्यो पेटला म्हणून माणसानं अकरा दिस सासुरवाडीत मुक्काम ठोकायचा? अकरा! आज बारावा लागला! सकाळी उठून पयलं काय बघितलं आसंल मी? देवाचं तोंड न्हाई, बायकूचं न्हाई, थेट अंगणात गेलो, गाडीच्या काचंतनं आत डोकावलो. पाव्हण्यांनी, म्हंजी आमच्या जावयांनी, चावी फिरवून दाखवली. आन् दिवा पिवळाच!

थांबा, उठू नका, दुकानदार डाळ मोजंस्तवर तरी ऐका, कारण घरी मला बोलायला बंदी हाय. व्हय, माझ्याच घरात! मी पोपटराव, यवतच्या चार वाड्यांत ज्याचा आवाज बिगरफोनचा ऐकू जातो, त्यो पोपटराव अकरा दिस कुजबुजतोय! कारण आमचं जावई, सुदर्शनराव, शिरूरला आसत्यात, कंपनीत क्वालिटीत हायत, रजा संपली तवा त्यांनी ओसरीवर कॉम्प्युटर मांडला आन् मीटिंगा सुरू केल्या. मी आपलं शेळीला हाक मारली, लगीच हात वर! "मामा, जरा म्यूट." आता शेळीला कसं म्यूट करायचं, सांगा बरं? उघडा बसलो तर "मामा, कॅमेऱ्यात दिसताय." बनियन घातलं तर "मामा, बनियन दिसतंय." मग मी बसायचं कुठं? गोठ्यात बसतोय, तुम्हाला सांगतो, म्हशीसमोर, सदरा घालून!

आता चूक कुणाची? माझीच! म्हंजी धोंड्याचा महिना लागला, तीन वर्सांनी येतो, जावयाला बोलवायचं, पुरणाचं धोंडं खाऊ घालायचं, तेहतीस अनारसं द्यायचं आन् वर कायतरी वाण द्यायचं. लोक काय देत्यात? चांदीचा दिवा देत्यात. आमची मंडळी, गिताबाई, म्हणालीबी, "दिवा घ्या, रीत हाय." पर माझं डोकं! म्हणलं दिवा कपाटात जाऊन बसतो, कुणाला दिसतोय? जावयाच्या गाडीला चमकणारी मॅगव्हील घालू, शिरूरपत्तुर लोक म्हणतील, सासरा बघा! दिवा नको म्हणलं व्हतं मी. तर लागला की वो दिवा!

पाव्हणं जेवून आडवं झालं, तसा मी हायवेवरच्या टायरवाल्या ज्ञानूला घरी बोलवला. त्यानं अंगणातच जॅक लावला, जुनी चाकं उतरवली, नवी चढवली. "हवा पस्तीस भरू का आप्पा?" म्हणला. मी म्हणलं, खुळा का काय? तेहतीस अनारसं, तर हवाबी तेहतीस! चारी चाकांत तेहतीस-तेहतीस! गिताबाईनं चाकांला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. जुनी चाकं ज्ञानूनं त्याच दिशी पाटसच्या भिमाजीला देऊन टाकली, त्याला ट्रॉलीला पायजे व्हती. पाव्हणं उठलं, बघितलं, खूस झालं, माझ्या पाया पडलं! पाच वाजता माझी लेक प्रांजल आन् पाव्हणं, दोघं गाडीत बसून निघाली. मी सदरा काढला, बनियन काढलं, बिडी पेटवली, बाजंवर पाय पसरलं. काय सांगू तुम्हाला, काय सुख व्हतं ते! अर्धी बिडीबी वडून झाली न्हवती.

तर समोरनं गाडी परत! दहाच्या स्पीडनं, चारी बाजूचे दिवे लुकलुक करत, मागं सगळा ट्रॅफिक बोंब मारतोय. चौफुल्याला पोचायच्या आत म्हणं टिंग वाजलं, पिवळा दिवा आधी मिचमिचला आन् मग तसाच ऱ्हायला. पाव्हण्यांनी गाडीचं पुस्तक उघडलं. पुस्तकात लिवलंय, 'टायरच्या हवेची यंत्रणा बंद, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून तपासून घ्या.' आन् आख्ख्या पुणे जिल्ह्यात सुरक्षित ठिकाण कुठलं सापडलं? माझं अंगण!

ज्ञानूला बोलवला. त्यानं वाकून आत बघितलं आन् कपाळाला हात लावला. "आप्पा, ह्या गाडीच्या चाकात डब्या असत्यात की वो!" कसल्या डब्या? तर म्हणला, चाकाच्या आत, हवा भरायच्या वॉलच्या बुडाला, एक काळी डबी असती, आंगठ्याएवढी, तिच्यात बारका सेल. ती आतली हवा मोजती आन् बिगरवायरचं गाडीला कळवती, हाय बाबा तेहतीस, हाय बाबा तेहतीस. आन् दर डबीला नंबर, गाडीला चारी नंबर पाठ. आपण चाकं बदलली, डब्या जुन्या चाकांत ऱ्हायल्या, चाकं गेली पाटसला. आता गाडी हाका मारतीय आन् वो द्यायला कुणी न्हाई! मी म्हणलं, "आरं, मग मी सांगतो की गाडीला, तेहतीस हाय म्हणून! माझ्या डोळ्यांदेखत भरलीय!" ज्ञानू म्हणला, "आप्पा, गाडी माणसाचं ऐकत न्हाई." जावयासारखीच हाय म्हंजी.

बरं, नव्या डब्या घाला! तर नव्या डब्यांचं नंबर गाडीला शिकवाया मिशीन लागतं आन् ते पुण्यात. मग न्या पुण्याला! तर पाव्हणं म्हणत्यात, "मामा, दिवा असताना गाडी हलवणं बरोबर नाही. उद्या हवा कमी झाली तर कळणार कसं?" आवो, आमच्या बापजाद्यांनी टायरला लाथ घालून हवा बघितली! "मामा, लाथ हे मेजरमेंट नाही." आता तुम्हीच बघा, दिवा घालवायला गाडी पुण्याला न्यायची आन् दिवा जाईस्तवर गाडी हलवायची न्हाई! ह्यातनं वाट काढून दावा, मी तुमच्या पाया पडतो! मिशीनवाला म्हणला सोमवारी घरी येतो. कुठल्या सोमवारी, ते काय त्यानं सांगितलं न्हाई.

मग मी म्हणलं, पाटसची जुनी चाकं आणू, तीच परत बसवू, मिटलं! तर गिताबाई परातीतल्या कणकेसकट उठली. "जावयाला दिलेलं वाण काढून घेता? धोंड्याच्या महिन्यात? लेकीच्या सासरी काय त्वांड दावू मी?" म्हंजी नवी चाकं काढायची न्हाईत, जुनी लावायची न्हाईत, गाडी हलवायची न्हाई, पाव्हण्यांस्नी जा म्हणायचं न्हाई. आन् रोज पुरण! तुपात थबथबलेलं धोंडं, सकाळी दोन, रातच्याला दोन! जावई जेवल्याबिगर सासऱ्यानं उठायचं न्हाई, आन् जावई एकेक घास बत्तीस येळा चावतोय! आठव्या दिशी मी भाकरी-ठेचा मागितला तर बायकू म्हणती, "पाव्हण्यांदेखत? माणसात ऱ्हावा जरा." आन् दिवा पिवळाच!

शेवटी ज्ञानूलाच सुचलं. म्हणला, "चाकं नकोतच आप्पा, नुसत्या डब्या काढून आणू, नव्या चाकांत बसवू. नंबर तेच, गाडी वळखंल. दोन-चार किलोमीटर पळवली की दिवा गेला." ऐकल्यावर मी त्या पोराचा मुकाच घेणार व्हतो! सहाव्या दिशी पाटसला गेलो, त्या भिमाजीची ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला गाठली, हातापाया पडून चारी टायर फोडाया लावले, म्हंजी रिमवरनं उतरवाया लावले, डब्या काढल्या, पिशवीत घालून आणल्या. सकाळी ज्ञानू येऊन बसवणार. रातीपुरत्या ठेवायच्या कुठं? तर गिताबाईनं ताटात मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं आन् ताट देवघरात!

सकाळी उठून बघतो, ताटात तीन!

तीन! चौथी गायब! उंदरानं नेली म्हणावं तर बाकीच्या तिन्हींवरचं कुंकूबी हललं न्हाई. ज्ञानू म्हणला, तीन बसवल्या तरी उपेग न्हाई, एक जरी वो देईना तरी दिवा पेटणारच. मग काय, सगळं घर कामाला लागलं. गिताबाई डबं पालथं घालतीय, प्रांजल गाद्या झाडतीय, पाव्हणं मोबाइलचा उजेड पाडून कपाटाखाली आडवं झालेत, मी म्हशीच्या गव्हाणीत हात घालतोय. दुसऱ्या दिशी पुन्हा तेच, सकाळी चहा झाला की सगळी हुडकाया! आन् दिवा पिवळाच!

आता एक खाजगीतलं सांगतो, हितंच ऱ्हाऊ द्या. पाव्हण्यांसमोर बिडी वडता येत न्हाई, म्हणून मी बिड्यांचा कट्टा हिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत ठेवला व्हता. आठव्या दिशी, पुरणानं पोट टम्म, हिरीवर गेलो, पेटी उघडली, हात घातला, तर बिड्यांच्या फुडं एक पुडी. रुमाल, त्याला डोक्याचा रबर गुंडाळलेला. सोडला. आत डबी! वर कुंकू लागलेलं!

आन् मला बघता क्षणी कळलं वो. ती पेटी… सातवीत माझी प्रांजल गणितात नापास झाली तवा प्रगतीपुस्तक तिनं त्याच पेटीत लपवलं व्हतं.

बोलवून घेतली तिला. म्हणलं, हे काय गं? ती खाली बघाया लागली. "आबा, चार वर्षं झाली लग्नाला. लागोपाठ तीन रात्री मी हितं झोपले न्हाई. सकाळी यायचं, सांजच्याला निघायचं. आई डबा भरती, तुम्ही रस्त्यापत्तुर येता, गाडी निघती. तुमच्याशी बोलायचं ऱ्हाऊनच जातं. दिवा पेटला तवा मला इतकं बरं वाटलं आबा… आन् तुम्ही लगीच पाटसला पळालात."

पाटसला पळालात! ज्या लेकीला मी खांद्यावर बसवून यवतच्या बाजारात फिरवली, ती घरात ऱ्हायली म्हणून मी दिवस मोजत व्हतो, बनियनसाठी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. डबी परत रुमालात बांधली, रबर लावला, पेटीत ठेवली, म्हणलं, "मी काय बघितलं न्हाई. फकस्त बिड्यांना हात लावू नगंस." घरी आलो, गपगुमान सदरा घातला, दोन धोंडं खाल्लं. म्हणलं, पोपटराव, तू बाप हायेस, सोस! एवढं मोठं गुपित छातीत घेऊन, तुम्हाला सांगतो, चार दिस मी एकटा सोसतोय! सकाळी सगळ्यांबरोबर गव्हाणीत हात घालून डबी हुडकायचं नाटकबी करतोय!

आन् आज सकाळी हिरीवर बसलोय, बिडी वडतोय, तर मागनं आवाज. "मामा, एक मिळेल का?" पाव्हणं! माझी बिडी पाण्यात पडली. मी म्हणलं, "तुम्ही वडता?" म्हणं, "इथं आल्यापासून रोज एक घेतोय, पेटीतून. त्या रबर लावलेल्या पुडीच्या मागं असतात ना?"

पुडीच्या मागं!

म्हणलं, "पाव्हणं, पुडी… उघडून बघितली?" तर हसत्यात आन् म्हणत्यात, "मामा, मी क्वालिटीत आहे. उघडून बघितल्याशिवाय चैन पडतंय का?" मग वो? बोलला का न्हाईत? तर गाडीकडं बघत म्हणले, "प्रांजल तिकडं एवढं हसत नाही, मामा. राहू दे की चार दिवस." आता ह्या माणसावर रागवायचं कसं? मी एक बिडी दिली, पेटवूनबी दिली. सासऱ्यानं जावयाला!

तसाच घरी आलो, गिताबाईला बाजूला घेतली, म्हणलं अगं, तुला एक सांगायचंय. ती पुरण वाटतच व्हती, मान वर न करता म्हणाली, "पिशवी घ्या, डाळ संपलीय. आन् डबीचं सांगायचं आसंल तर ठावं हाय मला. रबर कुणाच्या डोक्याचा हाय वाटतं तुम्हाला? माझा हाय. आन् बिड्या कमी करा."

म्हंजी बघा, घरात माणसं चार. चौघांनाबी ठावं डबी कुठं हाय. आन् चौघंबी रोज सकाळी चहा झाला की कमरा वाकवून हुडकत्यात! आन् एकमेकांस्नी इचारत्यात, "घावली का?" "न्हाई ब्वा." "उद्या बघू."

काय म्हणता दुकानदार? दोन किलो मोजली? पाच करा. दिवा पिवळाच हाय.