सातचा मिस कॉल

मालविका: काका, या एका रकान्यासाठी मी लातूरहून आलेय. ‘शेजारच्या इंटरनेट ऑपरेटरशी संपर्क कसा करता?’ एवढंच सांगा.

वैजनाथ: लिहा की. रामकिशन, मुखेड. उमा, वाजला का गं?

उमाबाई: फोन तुमच्याच हातात हाय. वाजला तर तुम्हालाच आधी कळंल.

मालविका: नाव नको, पद्धत हवीय. तार तुटली की रामकिशनरावांना फोन करता, की मेल?

वैजनाथ: मिस कॉल.

मालविका: म्हणजे त्यांनी उचलला नाही तर.

वैजनाथ: उचलायचाच न्हाई. उचलला की भानगड हाय. आठ वर्षं झाली, आमचं बोलणं बंद हाय.

मालविका: काका, उदगीर-मुखेड लाईन अर्धी तुमची आणि अर्धी त्यांची आहे. वर्षात चौदा वेळा तुटली आणि प्रत्येक वेळी दोन तासांच्या आत जोडली गेली. आमच्या ऑफिसच्या सगळ्या लाईनींत तुमचा नंबर पहिला आहे. बाकीचे एकमेकांना मेल पाठवतात, मीटिंग घेतात आणि तार दोन-दोन दिवस तशीच पडलेली असते. साहेब म्हणाले, उदगीरला जा, त्या दोघांचा ताळमेळ कसा आहे ते लिहून आण, सगळ्यांना शिकवू.

वैजनाथ: उमा, वही दाखव मॅडमला.

उमाबाई: ही बघा बाई. सकाळी सातला एक आला, म्हणजे तिकडं सगळं ठीक. ह्यांनी उलट एक दिला, म्हणजे इकडं बी ठीक. दोन आले तर तार तुटली, त्यांच्या हद्दीत. तीन आले तर तुटली, पण आमच्या हद्दीत. चार म्हणजे लाईट गेली, बॅटरीवर चालू हाय. पाच म्हणजे सगळं पडलं, शिडी घेऊन ये.

मालविका: बोलणं बंद होतं, तर हे ठरवलं कोणी?

उमाबाई: मी आन् धोंडाबाईनं. रामकिशन भाऊजींची बायको. जांबच्या बाजारात वांगी निवडता निवडता ठरवलं. पाचाच्या पुढं ठरवणार होतो, पण वांगी संपली.

मालविका: आणि यांनी ते मान्य केलं?

उमाबाई: मान्य करायला बोलावं लागतंय. दुसऱ्या दिवशी सातला एक आला, ह्यांनी एक दिला. झालं.

वैजनाथ: आठ वर्षांत एक दिवस खाडा न्हाई. दिवाळीत त्याच्या छातीत कळ आली, नांदेडला दवाखान्यात टाकला होता. नाकात नळी होती म्हणे. तरी पलंगावरून सातला एक दिला. आन् आज आला न्हाई. साडेनऊ झाले.

मालविका: थांबा, लॅपटॉपवर बघते. मुखेडकडून डेटा छान येतोय, काका. लाईन ठणठणीत आहे.

वैजनाथ: लाईनीचं कोण विचारून राहिलं?

उमाबाई: धोंडाबाईचा फोन मी चारदा लावला. लागतच न्हाई.

मालविका: मग रामकिशनरावांना सरळ व्हॉट्सअ‍ॅप करा ना.

वैजनाथ: त्यानं मला ब्लॉक केलंय. मी बी केलंय. आधी कोणी केलं त्याची तकरार येगळीच हाय.

मालविका: नंबर द्या, मी माझ्या फोनवरून लावते... संपर्क क्षेत्राच्या बाहेर. असं भांडण झालं तरी कशावरून?

वैजनाथ: काय सांगू. दोघांनी मिळून केबल टीव्हीचा धंदा उभा केला हो. एकच मोटारसायकल, मी पुढं, तो मागं, त्याच्या मांडीवर तारेचं भेंडोळं. मग इंटरनेट आलं, हद्द ठरली. जिल्ह्याच्या दगडापासून इकडं माझं, तिकडं त्याचं. पहिल्याच साली रस्त्याच्या कामावरल्या जेसीबीनं तार तोडली, तीबी नेमकी दगडापाशी. मी म्हणलं, त्याच्या हद्दीत तुटली, त्याचा फोन येईल. तो म्हणला, वैजूच्या हद्दीत तुटली, वैजूचा येईल. तीन दिवस दोघं बी फोनकडं बघत बसलो. इकडं बँक बंद, तिकडं कचेरी बंद, लोकं शिव्या घालून गेली. चौथ्या दिवशी दगडापाशी गाठ पडली. मला म्हणतो, तुझ्या जबानीला लकवा मारला होता का? मी म्हणलं, मारला म्हण. आता तुझ्याशी पहिला शब्द बोललो तर बापाचं नाव लावणार न्हाई.

उमाबाई: आन् तिथंच दोघांनी बसून तार जोडली. ह्यांनी धरली, भाऊजींनी जोडली. मग दोन दिशांना दोघं गेले.

मालविका: हे मी साहेबांना कसं लिहू?

वैजनाथ: लिहा, ताळमेळ चांगला हाय.

मालविका: पण काका, या पद्धतीत अडचण येत नाही का? समजा, वहीत नाही असं काही झालं तर?

उमाबाई: झालं ना एकदा. सांगा की.

वैजनाथ: तीन वर्षं झाली. दुपारी पाच आले. मी शिडी गाडीला बांधली, जोडायची मशीन घेतली, मुखेड गाठलं. त्याच्या दारात ही गर्दी. त्याची माय गेली होती. मरणाचा आकडा वहीत नव्हता, म्हणून त्यानं हाय तो सगळ्यात मोठा दिला. मी गाडीवर, मागं वीस फुटी शिडी. लोकांना वाटलं, तिरडीसाठी आणली. एक म्हातारा म्हणला, लोखंडाची कशाला, बांबूची मिळाली असती.

मालविका: मग तुम्ही काय केलंत?

वैजनाथ: काय करणार. शिडी भिंतीला लावली, खांदा दिला. पुढं तो, त्याच्या मागं मी. त्या माउलीनं मला बी भाकरी वाढलेली हाय. मला लई रडू येऊन राहिलं होतं. तो बी रडत होता. बोललो मात्र न्हाई.

उमाबाई: येताना शिडी तिथंच इसरून आले. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी हद्दीच्या दगडाला टेकवून ठेवली, धुऊन पुसून.

मालविका: काका, एक सांगू? मशीनचंही असंच असतं. तुमचं मशीन आणि त्यांचं मशीन दर तीस सेकंदांनी एकमेकांना कळवतात, मी आहे. बाकी काही नाही. नव्वद सेकंद काहीच आलं नाही, की हे समजतं, पलीकडचा गेला.

वैजनाथ: नव्वद सेकंदात गेला? लई घाई हाय तुमच्या मशीनला.

उमाबाई: इथं अडीच तास झाले.

वैजनाथ: तू गप बस.

उमाबाई: का गप बसू? पाच आले तर जायचं ठरलंय. एकबी आला न्हाई तर काय करायचं, हे मी आन् धोंडाबाईनं ठरवलंच न्हाई. चूक आमची हाय. आता तुम्ही ठरवा.

वैजनाथ: जाऊन काय बोलू? समजा गेलो आन् तो ओट्यावर चहा पीत बसला असंल, तर?

उमाबाई: तर चहा प्या.

वैजनाथ: आन् बसला नसंल तर? उमा, मला भ्या वाटून राहिलं. आठ वर्षं मी सातला उठतो ते त्याच्या फोनसाठी. तो ठीक हाय म्हणल्यावर मी दात घासतो.

उमाबाई: आज तर घासलेच न्हाईत. उठा, चावी घ्या.

वैजनाथ: शिडी घेऊ का नको?

उमाबाई: घ्या. मागच्या बारीला तेवढीच कामी आली.

(फोन वाजतो.)

वैजनाथ: वाजला. न्हाई, त्याचा न्हाई. हा नंबर कुठला? लँडलाईनचा दिसून राहिला. गिऱ्हाईक असंल. हॅलो, कोण बोलतंय? हॅलो?

मालविका: कोण आहे?

वैजनाथ: कोणीच बोलत न्हाई. उमा. त्योच हाय.

उमाबाई: कशावरून?

वैजनाथ: एवढं गप दुसरं कोण बसतंय? श्वास ऐकू येतोय. चालत आल्यावानी. जिता हाय गं.

उमाबाई: मग बोला की. तुम्ही हॅलो तर म्हणलाच.

वैजनाथ: ते गिऱ्हाइकाला म्हणलं. ते धरायचं न्हाई. फोन त्यानं केलाय, त्यानं बोलावं.

उमाबाई: आठ वर्षांखाली बी असंच बसला होतात. आणा तो फोन इकडं, स्पीकरवर टाकते. हं, दोघं बी ऐका. मी उमा बोलतेय. हितं लातूरच्या बाई बसल्यात. त्यांच्या मशीनला नव्वद सेकंद लागतात माणूस मेला म्हणायला. किती झाले, बाई?

मालविका: पन्नास... साठ.

उमाबाई: ऐकलं का, भाऊजी?

मालविका: सत्तर.

रामकिशन: हायेस का?

वैजनाथ: हाय.

रामकिशन: मोबाईलचा टॉवर बसलाय सकाळपासून. गावात कोणाचाच फोन लागत न्हाई. सोसायटीच्या हापिसात आलो, उन्हातून चालत. मागं लाईन लागलीय लोकांची.

वैजनाथ: इंटरनेट तर चालू हाय.

रामकिशन: ते आपलं हाय. त्याला काय होतंय.

वैजनाथ: मग तिथून मिस कॉल द्यायचा की.

रामकिशन: या नंबरवरून दिला असता तर तुला काय कळलं असतं? म्हणलं, तू शिडी घेऊन निघशील.

वैजनाथ: मी कशाला निघतो. हितं काम हाय मला, मॅडम आल्यात.

उमाबाई: चावी हातात हाय त्यांच्या.

रामकिशन: बरं. हा सातचा धर. वहीत एक लिही.

वैजनाथ: उचललाय मी. उचललेला कसा धरू?

रामकिशन: मग ठेव. परत लावतो, एक रिंग देऊन कट करतो.

वैजनाथ: राम्या.

रामकिशन: काय?

वैजनाथ: ठेवू नको. राहू दे थोडा येळ.