चपला घालून स्वयंपाकघरात

लिहा. माझं गाव कणकवलीच्या पुढं, आतल्या बाजूला, नाव सांगून तुम्हाला काय कळणार नाय, बारा घरांची वाडी आहे, आणि त्या बारा घरांत पायात चप्पल घालणारा माणूस एकच, शाळेतले मास्तर, आणि मास्तर पण आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला चप्पल काढूनच पुढं यायचे. शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर चप्पल घालून चालायचं म्हणजे काय सांगू तुम्हाला, थुंकण्यासारखं. माझा भाऊ एकदा मास्तरांच्या वहाणा घालून चुलीपर्यंत गेला तर आमच्या आयेने त्याला फुंकणीने झोडला. तिथून मी आली. हे आधी लिहा, कारण पुढं मी जे केलं ते काय माझ्या मनाचं नव्हतं, ते मी माहेराहून घेऊन आली होती, भांड्यांबरोबर.

मी मोठ्याने बोलते, तुम्हाला त्रास होत असेल तर होऊ दे. आता ही खोली बघा, मधे प्लायवूडचं पार्टिशन, इकडे स्वयंपाकघर जिथं तुम्ही बसलाय, तिकडे बाहेरची खोली, आणि तिथं खाटेवर माझी सासू. ऐंशी झाली तरी कान शाबूत आहेत. तिला सगळं ऐकू जातं. जाऊ दे.

लग्न होऊन लालबागला आली तेव्हा ह्याच खोलीत सासूची खानावळ होती. एके काळी म्हणे तीस माणसं जेवायची, सगळी गिरणीतली, सगळी आमच्या कोकणातली, पाळी सुटेल तशा पंगती उठायच्या. मी आली तोपर्यंत गिरण्या गेल्यात जमा होत्या, सहा माणसं उरलेली. पण म्हातारीचा थाट तोच, साडी वर खोचलेली, ह्या शहाबादी लादीवर सकाळपासून उभी, एका शेगडीवर डाळ, दुसऱ्या शेगडीवर माशाची आमटी, आणि पायात चप्पल. निळ्या पट्ट्याची, रबरी, पट्टा सुटला की खालून सेफ्टी पिन लावायची. आणि ओट्याच्या बाजूला ती देवांची फळी दिसते ना तुम्हाला, ती तेव्हापण तिथंच होती.

पहिल्याच दिवशी बघितलं आणि माझं डोकं सटकलं. ह्यांना विचारलं, माझ्या नवऱ्याला, की आई स्वयंपाकघरात चपला का घालते, तर बोलले तिच्या टाचा दुखतात. म्हटलं टाचा कोणाच्या दुखत नाहीत. बोलले तूच विचार तिला. मी कशाला विचारू? सून होती, नवीन होती, तीन वर्षं दात आवळून बसली.

मग घरात सत्यनारायण होता. भटजी यायचे होते, सहा माणसं जेवायला थांबलेली, शेजारच्या दोघी पुऱ्या लाटत होत्या, आणि ही बया चपला घालून प्रसादाचा शिरा ढवळते. मी सगळ्यांच्या समोर बोलली, देवासमोर चपला घालून फिरते, म्हणून ह्या घरात बरकत नाय. एवढ्यावर थांबली नाय, बोलली काढा त्या. आणि तिने काढल्या. का काढल्या मला आजपण माहीत नाय, मला वाटलं होतं थोबाडीत देईल, तिच्या हातात उलथनं होतं, पण तिने मुकाट काढल्या, आणि मी त्या दोन बोटांत धरून तीन मजले उतरली आणि चाळीच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आली. वर आली तर शिरा खाली लागलेला आणि सासू बाहेर खाटेवर बसलेली.

त्या दिवसापासून तिने ह्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाय. माझी मुलगी तेव्हा पोटात होती, आता ती स्वतः आई झाली, एवढी वर्षं धरा. आणि माझ्याशी बोलली पण नाय. ह्यांना सांगणार, तिका सांग माका च्या व्हयी. मी इथं, ती तिथं, मधे हे चार सुतांचं, अर्ध्या इंचाचं प्लायवूड, आणि चहा मागायचा तो मुलाच्या तोंडून. मोरी बाहेरच्या खोलीत आहे म्हणून तिचं काय अडलं नाय. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. स्वयंपाकघर माझं झालं. ती सहा माणसं दोन महिन्यांत दुसरीकडे जेवायला गेली, खानावळ बंद झाली, तरी मला बरंच वाटलं.

खानावळ बंद म्हटल्यावर कमवायला कोणीतरी पाहिजे. आमच्या जेवणाऱ्यांतले चार जण ज्या गिरणीत होते, त्या गिरणीच्या जागेवर टॉवर झाला, लोअर परळच्या बाजूला, तिथं मी पोळ्या करायला लागली. चार घरं, सकाळी सात ते दुपारी दोन, सगळं उभ्याने. बसू नका असं कोण बोलत नाय हां, पण बसायला काय ठेवलेलंच नसतं. आणि आपली चप्पल दाराबाहेर, लिफ्टच्या बाजूला, तीपण रॅकवर नाय, रॅक त्यांच्या बुटांना. आत सगळी इटालियन फरशी आणि एसी, पाय गार पडतात, पोटऱ्या आखडतात. वर्षानुवर्षं उभी राहिली, काय झालं नाय मला. मी म्हणायची, बघा, टाचा बिचा सब नाटक आहे.

दोन वर्षांमागं एक दिवस सकाळी उठली, पाय जमिनीवर टेकला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. वाटलं खरंच काय घुसलं, पाय वळवून बघितला तर काय नाय. दहा-पंधरा पावलं चालली तर कमी झालं, त्यानेच माणूस फसतो, दुपारी जरा टेकलं की उठताना परत तेच. त्या सकाळी भिंत धरून मोरीपर्यंत गेली, आणि खाटेवरून म्हातारी बघत होती. माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग परत पायाकडे. तिला पहिल्या दिवशीच कळलं, आणि मला दुखण्यापेक्षा त्याचा राग जास्त आला.

मग तेल झालं, बाम झाला, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून झाले. एक दिवस हे बोलले, आई सांगते वीट तापव, तिच्यावर रुईचं पान ठेव आणि टाच दाबून धर. म्हटलं सांगा तिला, मला तिचं औषध नको. आणि शनिवारी मारुतीच्या हारवाल्याकडनं रुईची पानं घेऊन आली, म्हातारी गॅलरीत बसायला गेली तेव्हा दार लोटून वीट तापवली. बरं वाटलं, मेलं, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं, तेच मला सहन झालं नाय. ती गॅलरीतून बाहेरच्या खोलीत आली, करपलेल्या पानाचा वास सगळ्या खोलीत, तिने एकदा नाक ओढलं आणि जाऊन खाटेवर बसली.

शेवटी परळला इस्पितळात गेली. टाच दुखते म्हणून आलेल्या बाईला तीन तास लायनीत उभी केली, हे पण लिहा. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीएवढी पोरगी. म्हटलं हाड वाढलंय का, तर बोलली दुखतं ते हाडामुळे नाही, तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजलाय. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच टॉवेल पायात अडकवून चवडा आपल्याकडे ओढायचा, भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती तळव्याखाली फिरवायची, आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा मऊ चप्पल. म्हटलं स्वयंपाकघरात? बोलली तिथंच तर जास्त उभ्या असता. म्हटलं तिथं देव आहेत. ती हसली, बोलली काकू, देवाला मी समजावू का? मला काय हसू आलं नाय.

चप्पल घेतली, लालबागच्या बाजारातून, मऊ तळव्याची, गुलाबी, माझ्या नंबरात दुसरा रंग नव्हता. पिशवीत घालून टॉवरात नेली, म्हटलं निदान तिथं तरी घालू, तो देव काय आपला नाय. पहिल्या घरात घातली आणि पोळ्यांना लागली. मॅडम आल्या. चांगल्या शिकलेल्या, शांत बोलणाऱ्या, मला मावशी म्हणायच्या. बोलल्या मावशी, हे काय, आपल्या किचनमध्ये देवघर आहे ना. म्हटलं डॉक्टरने सांगितलंय. बोलल्या ते ठीक आहे, पण देवासमोर चपला बऱ्या नाही वाटत. मी खाली बघितलं, त्यांच्या पायात मऊ पांढऱ्या सपाता. म्हटलं मग तुमच्या पायात काय आहे? बोलल्या ह्या घरातल्या आहेत. म्हटलं ह्या पण नव्या आहेत, ह्यांनी रस्ता बघितला नाय. बोलल्या तसं नाही मावशी, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय, काढा त्या, प्लीज.

काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडात एवढं आलं होतं, तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण देवासमोर चपला, आणि काढा त्या. हे कोणाचं बोलणं होतं? माझं होतं. मॅडमने नुसतं वर प्लीज लावलं होतं. तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, नऊ झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या, म्हटलं बाकीच्या तुम्ही करा, आणि त्याच चपला घालून त्यांच्या हॉलमधून बाहेर पडली. ते घर सुटलं. बाकीच्या तीन घरांत घालते, तिथं कोणी बोललं नाय, किंवा बोलायच्या आधी माझं तोंड बघितलं असेल.

पण खरी गोष्ट ती नाय. टॉवरात भांडली, घरात काय? घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि अनवाणीच स्वयंपाकाला उभी राहिली. चार दिवस. पायाखाली गोणपाटाची घडी घेतली, एका पायावर उभी राहिली, ओट्यावर कोपरं टेकून भाजी चिरली, पण पिशवी काढली नाय. का, तर बाहेर खाटेवर ती बसलेली. हे बोलले अगं घाल ना, देव काय खाली उतरून येत नाय. देवाची कोणाला पडलीय? देवाला मी केव्हाच हात जोडून सांगून टाकलं होतं. मला तिची भीती होती. ती बघेल आणि बोलेल.

पाचव्या दिवशी सकाळी पाय टेकलाच नाय. भिंत धरून इथवर आली, ह्या उंबऱ्यावर बसली, आणि रडली. लिहा, रडली, दुखत होतं म्हणून आणि लाज वाटली म्हणून. मग ह्यांना म्हटलं ती पिशवी द्या. घातल्या आणि आत गेली, डाळ चढवली. पाठ बाहेरच्या खोलीकडे केलेली. कान सगळे तिकडे.

खाट करकरली. मग मोरीत पाणी वाजलं, बराच वेळ. वळून बघितलं तर म्हातारी मोरीत वाकून स्वतःच्या चपला धूत होती, त्या गॅलरीत जायच्या रबरी, साबण लावून, घासणीने. धुतल्या, पदराने पुसल्या, पायात घातल्या आणि भिंतीला हात लावत लावत आत आली. माझ्या बाजूने गेली. कळशीतून पाणी घेतलं, स्वतःच्या हाताने, उभ्याने प्यायली, पेला पालथा घातला. डाळीत वाकून बघितलं. बोलली, मीठ कमी आसा. मला बोलली, ह्यांना नाय, सरळ मला. चव पण नव्हती घेतली. मी बोलली नाय कमी. ती गेली बाहेर, मग मी चाखली. कमी होतं.

आता रोज येते. रोज काढते काहीतरी, कोकम जास्त, भाकरी जाड, विळीला धार नाय, आणि मी रोज उलटून बोलते, आमचं काय गोड नाय झालेलं, तसं लिहू नका. तिच्यासाठी मऊ चप्पल आणून खाटेखाली ठेवली तर बोलली ह्यो रंग माका नको. आता दुसरा रंग नव्हताच त्याला मी काय करू? माझी टाच पहिल्यासारखी नाय, पण सकाळी टॉवेल लावून पाय ताणते, बाटली फिरवते, भिंत न धरता मोरीपर्यंत जाते. तिच्यावेळी डॉक्टर नव्हता, बाटली नव्हती, तीस माणसांचं जेवण होतं आणि एक जोडी चप्पल होती. ती मी टाकली.

तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं असं समजू नका. तुम्ही आलात, माझं सगळं लिहून घेते बोललात, तेव्हाच मी ठरवलं की इथं बसून सांगायचं, आणि मोठ्याने. तिच्या तोंडावर जाऊन चुकली म्हणायला मला येत नाय, मेली तरी येणार नाय. म्हणून लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, तिच्या टाचा खरंच दुखत होत्या, आणि मी सहा परक्या पुरुषांसमोर तिच्या पायातली चप्पल काढायला लावली. चुकली मी. झालं. लिहिलंत?

काय गो आये? काय बोलतेस?

ऐकलंत ना तुम्ही, त्या बायेक च्या दी म्हणतेय म्हातारी, कधीपासून बसलीसा ती. बसा, ठेवते चहा. माझ्या चपला तेवढ्या इकडे सरकवा.